‘अँडोर’ : मोजणारी सत्ता

‘स्टार वॉर्स’च्या विश्वातली मालिका म्हटली की माझ्यासारखा वाचक सहसा तिच्या वाटेला जात नाही. टोनी गिलरॉय यांची ‘अँडोर’ (२०२२ आणि २०२५, एकूण २४ भाग) मीही उशिराच पाहिली. तिच्यात प्रकाशाच्या तलवारी नाहीत. आहेत त्या बैठका, अहवाल, बढत्या आणि हजेरी.

ऑर्वेलच्या ‘१९८४’पासून निरंकुश सत्ता म्हणजे सतत पाहणारा डोळा आणि ऐकणारा कान, हे आपण धरूनच चालतो. ‘अँडोर’ हे गृहीतक बाजूला ठेवते. इथली सत्ता माणसे मोजते. त्यांचे ऐकण्याची तिला गरज वाटत नाही.

याचा पुरावा पहिल्या पर्वातल्या नार्किना-५ या तुरुंगात मिळतो. कॅसियन अँडोर दुकानाकडे जाताना विनाकारण पकडला जातो आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा होते. तुरुंगात एका खोलीत सात मेजे, प्रत्येक मेजावर सात कैदी. सगळे अनवाणी, कारण जमिनीतूनच विजेचा झटका देता येतो. बारा तासांच्या पाळीत सर्वांत कमी काम करणाऱ्या मेजाला झटका, सर्वांत जास्त करणाऱ्याला जेवणात चव. पहारेकरी क्वचितच दिसतात. मुकादम किनो लॉय हा स्वतःही कैदीच. सुटकेचे दिवस मोजणारा आणि म्हणून इतरांना राबवणारा. पहारेकरी आपले बोलणे ऐकत असतील, अशी त्याला भीती. कॅसियन मात्र ओळखून असतो की कोणीही ऐकत नाही, कारण आपण इतके स्वस्त आहोत की ऐकायचा खर्चसुद्धा कोणी करणार नाही. नवव्या भागाचे नावही त्याच अर्थाचे आहे.

मी स्वतः बरीच वर्षे एका कारखान्यात उत्पादनाचे तक्ते भरत असे. खालच्या क्रमांकाच्या पाळीकडे आम्ही कसे पाहत होतो, ते या भागांनी आठवून दिले. ते सुखद नव्हते.

यावर आक्षेप घेता येईल. मालिकेतले गुप्तचर खाते पाळत ठेवतेच, बिक्ससारख्या स्त्रीचा छळही करते. खरे आहे. पण डेड्रा मीरोला बंडाचा माग लागतो तो कशामुळे? वेगवेगळ्या विभागांतल्या चोऱ्यांचे आकडे ती एकत्र ठेवते म्हणून. बाकीचे अधिकारी आपापला विभाग सांभाळत बसलेले. तिची दक्षता ही महत्त्वाकांक्षेचीच एक बाजू आहे. शेवटी ती स्वतःच तसल्या तुरुंगात पोचते.

दुसऱ्या पर्वात घोर्मन ग्रहाच्या विनाशाची योजना डोंगरातल्या एका सुखासीन जागी ठरते : खनिज किती, लोकसंख्या किती, बदनामी कशी करायची. मला २० जानेवारी १९४२ची वान्सेची बैठक आठवली. तिथे पंधरा अधिकाऱ्यांसमोर देशवार ज्यूंच्या संख्येची यादी होती. पुढे घोर्मनच्या चौकात सिरिल कार्न हा नेटका, कॉलर नीट करणारा नोकरदार अँडोरवर तुटून पडतो. त्याच्याच मागावर त्याने उमेदीची वर्षे घालवलेली. आणि अँडोर त्याला विचारतो, तू कोण? सबंध मालिकेत यापेक्षा क्रूर क्षण मला आठवत नाही. मात्र दर तीन भागांना एक वर्ष ओलांडण्याच्या घाईत हे पर्व माणसांना पुरेसा वेळ देत नाही. पहिल्या पर्वाची घट्ट वीण इथे सैल पडते.

म्हणून मी पुन्हा नार्किनाकडेच वळतो. सुटण्याची वेळ आलेल्या कैद्याला दुसऱ्याच मजल्यावर पाठवले आणि ते उघड होताच तो अख्खा मजला मारून टाकला, हे किनोला कळते. आपली मोजदाद खोटी होती, हे कळल्यावरच तो बंडात उतरतो. मग हुकूम सोडणाऱ्या ध्वनिक्षेपकावरून त्याचाच आवाज सगळ्या मजल्यांवर जातो. त्या इमारतीत पहिल्यांदाच कोणीतरी ऐकत असते. हजारो कैदी समुद्रात उड्या घेतात. काठावर उभा किनो सांगतो की त्याला पोहता येत नाही. त्याचे पुढे काय झाले, हे मालिका दाखवत नाही.