मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील कडांची परीक्षा : एक समीक्षा

मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाला दोन प्रश्नांचा निर्णय एकाच वेळी करावा लागतो. रोग कोठपर्यंत पोचला आहे, हा पहिला. आणि आपली सुरी कोठे थांबली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डोळ्यांना व बोटांना अंशतःच मिळते. म्हणून गाठीभोवतीचा काही निरोगी दिसणारा भागही काढावयाचा आणि त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाच्या, असा प्रघात पडला आहे. कडेपासून रोगापर्यंतचे अंतर ५ मि.मी. वा अधिक असेल तर कड मुक्त, १ ते ५ मि.मी. असेल तर निकट, आणि १ मि.मी.हून कमी असेल तर बाधित, ही वाटणी बहुतेक ठिकाणी वापरली जाते. परंतु अंतिम अहवाल हाती यावयास काही दिवस लागतात. तोवर जखम शिवून झालेली असते. शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर मिळावे, यासाठी ऊतकाचा तुकडा गोठवून, त्याचा पातळ छेद घेऊन, तो रंगवून काही मिनिटांत पाहण्याची पद्धत वापरतात. मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये ती प्रसिद्ध केली. शल्यगृहात तिला ‘फ्रोझन सेक्शन’ म्हणतात. येथे आपण तिला गोठवछेद म्हणू.

या परीक्षेवरील संशोधनाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या संशोधनाने काचपट्टी अचूक वाचली जाते की नाही याचा विचार पुष्कळ केला. परंतु त्या काचपट्टीवरील तुकडा नेमका कोठून आला, या अधिक मूलभूत प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

हा वाद केवळ मोठ्या शहरांतील शल्यगृहांपुरता नाही. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील किन्हवली किंवा शेजारचा मुरबाड तालुका घ्या. तंबाखू-चुना आणि मशेरी या भागाला परक्या नाहीत. येथील रुग्णाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावयाचे तर आधी आसनगावसारखे स्थानक गाठावयाचे, मग लोकलचा लांबचा प्रवास. ‘कड बाधित आहे, पुन्हा या’ या पाच शब्दांचा अर्थ अशा घरात बुडालेली मजुरी, सोबतीला जाणारा दुसरा माणूस आणि अर्धवट भरलेल्या जखमेवर नवी जखम, असा होतो. म्हणून पहिल्याच खेपेस कड बरोबर साधणे, याला येथे विशेष मोल आहे.

आता मोजमापाकडे वळू. पाच मिलिमीटर हा आकडा आपण शिलेवरील अक्षराप्रमाणे मानतो. परंतु तो कोणत्या क्षणी मोजावयाचा? तोंडातील ऊतक कापले जाताच आकसते. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत कापण्यापासून अंतिम सूक्ष्मदर्शी मापापर्यंत जिभेच्या कडेत सुमारे ३१ टक्के आणि ओठ-गालाच्या आतील आवरणात सुमारे ४७ टक्के संकोच नोंदविला. टाटा स्मारक रुग्णालयातील मिस्त्री आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये रुग्णांवर असेच मोजमाप केले. जिभेच्या कडा सरासरी २३.५ टक्के, तर गाल व खालच्या हिरडीच्या कडा २१.२ टक्के आकसल्याचे त्यांना आढळले. म्हणजे तोंडात १० मि.मी. राखलेली कड टेबलावर साडेसात-आठ मिलिमीटरच भरते. हे ध्यानी न घेता दोन रुग्णालयांच्या ‘मुक्त’ कडांची तुलना करणे म्हणजे ओल्या आणि वाळल्या भाताची एकाच मापाने तुलना करणे होय.

दुसरा प्रश्न स्थाननिश्चितीचा. गोठवछेदासाठी तुकडा दोन प्रकारे घेता येतो : गाठ काढल्यानंतर तोंडात उरलेल्या जखमेच्या भिंतीतून, किंवा काढलेल्या पिंडाच्याच कडेतून. पहिली रीत सोयीची असल्याने फार रूढ आहे; पण तिच्यात एक फसवणूक दडलेली आहे. जखमेच्या भिंतीतून उचललेला लहानसा तुकडा रोगमुक्त निघाला, तरी त्याच्या शेजारची न तपासलेली जागा तशीच असेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट तो बाधित निघाला, तर त्या जागी परत जावे लागते. केरावाला आणि आँग यांनी २००१ मध्ये दाखविले की, शल्यचिकित्सकाने स्वतःच घेतलेल्या तुकड्याची जागा पुन्हा दाखविताना वरच्या कडेवर सरासरी ९ मि.मी., तर खोल भागात १२ मि.मी.ची चूक होते. जेथे सारा व्यवहार पाच मिलिमीटरचा, तेथे ही चूक क्षुल्लक नव्हे. मोजणीदाराने हद्दीचा दगड अचूक रोवावा आणि दुसऱ्या दिवशी तो दगड कोणत्या बांधावर होता हेच कोणास आठवू नये, तशी ही अवस्था आहे.

मॅक्सवेल आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या, तसेच बुचकजियन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासांनी ही शंका बळकट केली. रोग त्याच जागी उलटण्याचा संबंध मुख्य पिंडाच्या कडेशी अधिक दिसतो आणि जखमेच्या भिंतीतून नंतर वाढविलेल्या कडेने तो धोका पुरता भरून निघत नाही, असा त्यांचा रोख आहे. मात्र येथे वाचकाने सावध राहावे. हे अभ्यास मागे वळून पाहणारे आहेत. जी गाठ अधिक आक्रमक, तिचीच कड प्रथम बाधित निघण्याचा संभव अधिक. मग पुढील अपयश कडेचे की गाठीच्या स्वभावाचे, हे अशा अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही. ‘वाढीव छेद व्यर्थ आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे होईल. ‘पिंड पाहिल्याशिवाय वाढीव छेदाची जागा ठरवू नये’ एवढाच निष्कर्ष या पुराव्याला पेलतो.

तिसरा मुद्दा आपल्या प्रदेशाचा. हे परदेशी संशोधन बहुतांशी जिभेच्या कर्करोगाभोवती उभे राहिले आहे. आपल्याकडे तंबाखू गाल व हिरडी यांच्यामधील खोबणीत धरून ठेवण्याची सवय असल्याने रोग पुष्कळदा तेथेच होतो आणि खालच्या जबड्याच्या हाडाला भिडतो. मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० क्रमागत रुग्णांचा आढावा वि. रा. खानोलकर यांनी १९४४ मध्येच प्रसिद्ध केला होता. सवय आणि रोगाचे स्थान यांचा विचार आपल्याकडे नवा नाही. आता कठीण हाड गोठवून त्याचा पातळ छेद नेहमीच्या यंत्रावर घेता येत नाही. ते आधी मऊ करावे लागते व त्यास दिवस लागतात. अर्थात जेथे शंका सर्वांत मोठी, तेथेच ही परीक्षा मुकी राहते. जिभेवरून बांधलेला नियम हिरडीला लावताना हा भेद बहुतेक लेखांत दोन ओळींत आटोपला जातो, ही या वाङ्मयाची मोठी उणीव होय.

खर्चाच्या प्रश्नावर टाटा स्मारक रुग्णालयातूनच महत्त्वाचे लेखन झाले आहे. २०१७ मधील अभ्यासात काढलेल्या पिंडाच्या कडांची नुसत्या डोळ्यांनी केलेली परीक्षा आणि गोठवछेद यांची तुलना आहे. २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आलेल्या लेखाचा निष्कर्ष गोठवछेद खर्चाच्या मानाने लाभदायक नाही, असा आहे. या लेखनाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. गरीब रुग्णांच्या देशात हा हिशेब कोणीतरी मांडावयासच हवा होता. परंतु त्याचा उपयोग करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, वर्षाकाठी असंख्य मुखकर्करोग पाहणाऱ्या संस्थेतील शल्यचिकित्सकाचा डोळा हे स्वतःच एक महाग उपकरण आहे. ते जिल्ह्याच्या रुग्णालयात आपोआप उपलब्ध होत नाही. दोन, रुग्णालयाच्या खर्चाच्या रकान्यात किन्हवलीच्या रुग्णाची दुसरी खेप बसत नाही. ती धरली, तर हिशेबाचे पारडे कोणीकडे झुकेल, हे नव्याने तपासावे लागेल.

तरीही या सर्व वादातून एक व्यवहार्य बोध निघतो. गोठवछेदाचे यंत्र नसणे ही लहान रुग्णालयाची खरी उणीव नव्हे. काढलेला पिंड फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी त्याची दिशा टाक्यांनी दर्शविणे, त्याच्या कडा निरनिराळ्या शाईने रंगविणे, पट्टीने अंतर मोजणे, खोल बाजू कापून पाहणे, आणि हे सारे शल्यचिकित्सक व विकृतिशास्त्रज्ञ यांनी एकत्र उभे राहून करणे, याला फारसा खर्च येत नाही. जेथे अंतर कमी भरेल, तेथेच गोठवछेदाला विचारावे. ही शिस्त नसेल, तर उत्तम यंत्रही चुकीच्या जागेचे अचूक उत्तर देईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावर प्रबंध लिहिताना ‘किती टक्के अहवाल जुळले’ एवढ्यावर थांबू नये. कड कोणी, कोठून, केव्हा मोजली. हाडाचे काय झाले. आणि ‘पुन्हा या’ असे सांगितलेल्या रुग्णांपैकी किती जण खरोखर परत आले, हेही नोंदवावे. यांपैकी शेवटचा आकडा शल्यगृहात मिळत नाही. तो मिळविण्यासाठी गावापर्यंत जावे लागते.