दाभोळ खाडी आणि गाडगीळ अहवाल

नदीप्रदूषणाचा पाठ शिकवताना आपण बहुधा कारणे, परिणाम, उपाय या ठरलेल्या वाटेने जातो. पाणी कशाने बिघडते हे मुलांना तोंडपाठ असते. ते किती बिघडले हे कोण मोजतो आणि मोजलेले आकडे कोणाच्या कपाटात राहतात, हे मात्र कोणी विचारत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या अहवालात (२०११) रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीविषयी जो मजकूर आहे, तो नेमका येथे बोट ठेवतो. शिक्षकांनी तो मुळातून वाचावा, पण चिकित्सकपणे, असे आम्हाला वाटते.

गाडगीळ मूळचे गणिती परिसरशास्त्राचे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९७१ साली भारतात परतले आणि पुढे त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरविज्ञानाचे केंद्र उभारले. १९९० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन शिक्षक-विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी पश्चिम घाटातील जीवसृष्टीच्या नोंदी करवून घेतल्या. गावच्या माणसाच्या माहितीला शास्त्रात जागा आहे, हा विश्वास त्यांच्या कामात पुढे सतत दिसतो. लोटेचा मजकूरही त्याच मुशीतला आहे.

लोटे हे खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये, उंचवट्यावर. तेथील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी उतरते ते दाभोळच्या खाडीत, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाकडे. सामायिक शुद्धीकरण केंद्राला आलेले पाणी पेलत नसल्याचे अहवाल नोंदवतो. खेड शहराला पाणी पुरवणाऱ्या बोरज धरणात टँकरमधून रासायनिक घाण ओतली गेल्याचा आणि खाडीतली मासळी घटल्याचाही उल्लेख त्यात आहे. मग येतो आमच्या मते या मजकुरातला सर्वांत बोलका आकडा: २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी लागू होती. प्रदूषणाविरुद्धची आंदोलने दडपण्यासाठी ती वापरली गेली, असे अहवाल म्हणतो. नदीवरच्या शास्त्रीय अहवालात पोलीस कायद्याचे कलम यावे, हे काहींना खटकले असेल. आम्हाला ते योग्य वाटते. जिल्ह्यात उद्योग कोठे असावेत हे दाखवणारा नकाशासंग्रह तयार असूनही लोकांपासून दूर ठेवला गेला, ही तक्रारही त्याच जातीची आहे. (खुद्द हा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला आणि खुला व्हायला मे २०१२ उजाडले, तेही माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर!)

आता उणिवा. गणितातून आलेल्या शास्त्रज्ञाच्या अहवालात खाडीच्या पाण्याची मोजमापे फार तोकडी आहेत. येथे मोजणे सोपे नाही, हे खरे. वाशिष्ठी ही कोकणातल्या इतर नद्यांसारखी उन्हाळ्यात आटत नाही, कारण पोफळीच्या वीजगृहातून कोयनेचे पाणी तिच्यात येते. वीजनिर्मिती चालू असताना प्रवाह वाढतो, बंद असताना उतरतो. त्यातच रोजची भरती-ओहोटी. सकाळी भरलेली बाटली आणि दुपारी भरलेली बाटली दोन निराळ्या गोष्टी सांगतात. अशा ठिकाणी एका नमुन्यावरून कारखान्याला दोषी वा निर्दोष ठरवता येत नाही. वेळ लिहून ठेवलेली मोजमापांची मालिका लागते.

दुसरी मेख बीओडी या मापात आहे. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते हे माप सांगते. भारतात ही चाचणी २७ अंश तापमानाला ३ दिवस करतात. पण सांडपाणी विषारी असले तर जिवाणूच मरतात, ऑक्सिजन कमी खर्च होतो आणि आकडा दिसतो छान! रासायनिक वसाहतीच्या बाबतीत म्हणूनच सीओडी आणि जलचरांवरील विषारीपणाची चाचणी यांना महत्त्व. लोटेच्या मजकुरात याचा खुलासा असता, तर खाडीकाठच्या वाचकाच्या हाती एक हत्यार आले असते.

तिसरा आक्षेप आराखड्यावर आहे. गटाने घाटाची पश्चिम सीमा ठरवताना १५० मीटरवरील वनक्षेत्र धरले आणि प्रदेशाचे सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून गुण दिले. जंगलाला हे चालते. नदी मात्र चौकोन ओलांडत, १५० मीटरची रेघ मागे टाकत समुद्रसपाटीला येते, आणि विष साचते ते तेथे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे किनाऱ्यासह तपासण्याचे वेगळे काम गटाकडे होते, म्हणून लोटे निसटले नाही. नदीचे खोरे हेच एकक धरले असते, तर अशा खास सोयीची गरजच पडली नसती.

पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत होते. मँगनीज सल्फेट, अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड, आम्ल, स्टार्च आणि सोडियम थायोसल्फेट एवढे पुरते. ३० अंशांना स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, खाऱ्यात त्याहून कमी. चिपळूण-खेडच्या शिक्षकांनी नोंदवही सुरू केली, तर तारखेशेजारी भरती-ओहोटीची वेळ आणि कोयनेचे पाणी चालू होते की बंद, हे दोन रकाने आधी आखावेत.