पवनचक्की आणि गावाचा रस्ता : स्टाइनबॅकच्या संग्रहालयाविषयी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबॅक येथे मेनोनाइट वसाहतकारांच्या जीवनाचे खुले संग्रहालय आहे. सक्तीची लष्करी सेवा नको म्हणून रशियन साम्राज्य सोडलेले हे शांततावादी शेतकरी १८७४ पासून येथे येऊ लागले.

संग्रहालयात गेलात तर तुमचे लक्ष आधी पवनचक्कीकडे जाईल. मूळ चक्की १८७७ सालची. तिची १९७२ मध्ये बांधलेली प्रतिकृती २००० साली आगीत जळाली आणि २००१ मध्ये ती पुन्हा उभारली गेली. म्हणजे आजची चक्की प्रतिकृतीची प्रतिकृती आहे! तरीही ती मला खोटी वाटत नाही. पाती वाऱ्याच्या दिशेला वळवावी लागतात, दातेरी चाकांतून गती दगडापर्यंत येते आणि गहू दळला जातो. लाकूड नवे असले तरी यंत्र तेच आहे. घर आणि गोठा एका छपराखाली असलेली इमारतही अशीच बोलकी आहे. उणे तीस अंश थंडीत गुरांना चारा घालायला बाहेर पडावे लागू नये, ही गरज तिच्या रचनेतच दिसते.

माझा आक्षेप आहे तो गावाच्या रस्त्यावर. वेगवेगळ्या गावांतून आणलेल्या इमारती एका रांगेत मांडल्या की एकसंध, सुखी गाव तयार होते. प्रत्यक्षात सरकारी मोजणीने प्रत्येक वसाहतकाराला १६० एकरांचा चौकोन दिला होता. मेनोनाइटांनी आपापसातील संमतीने ते चौकोन एकत्र केले, शेतांच्या लांब पट्ट्या पाडल्या आणि घरे एका रस्त्यावर बांधली. कायद्याने मालकी मात्र व्यक्तीचीच राहिली. एखाद्याने स्वतःच्या चौकोनावर राहायला जायचे ठरवले की गावाची वीण उसवे. अशी अनेक गावे पुढे विखुरली. आज आपण ज्याला वारसा म्हणतो ते गाव गावकऱ्यांनीच सोडले होते, हे घरांच्या रांगेवरून कळत नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. या रस्त्याची गोष्ट ‘सेमलिन’पासून, म्हणजे अर्धवट जमिनीत खोदलेल्या, गवताळ मातीने शाकारलेल्या पहिल्या निवाऱ्यापासून सुरू होते. त्यामुळे त्याआधी तेथे मोकळे माळरान होते असा समज सहज होतो. पण ऑगस्ट १८७१ मध्ये अनिशिनाबे आणि क्री लोकांशी सरकारने पहिला क्रमांकित करार केला होता. मेटी लोकही या प्रदेशात राहत होते. १८७३ मध्ये मेनोनाइटांसाठी राखून ठेवलेली जमीन याच करारक्षेत्रातली.

स्वाध्याय म्हणून या रस्त्याचा साधा आराखडा काढा आणि १८७१ च्या कराराचा फलक त्यावर कुठे लावाल ते दाखवा. मी तो सेमलिनच्या आधी, प्रवेशद्वाराशीच लावीन.