जात्याला लागलेला दुसरा हात

दैनंदिन जीवनातील साध्यासुध्या अनुभवांतून बोध घेणारे लेखन आपल्या नियतकालिकांना नवे नाही. अंगणातील मुंगी, गळकी घागर, आजोबांची काठी, एस. टी. चुकल्यावर स्थानकावर काढलेला तास, असा एखादा प्रसंग निवडावा, दोन परिच्छेदांत तो सांगावा आणि शेवटी ‘यावरून आपणास हे शिकावयास मिळते की’ म्हणून समारोप करावा, अशी या लेखांची रीत ठरून गेली आहे. धर्मग्रामातील कुटुंबे असे लेख आवडीने वाचतात. संध्याकाळच्या जपमाळेनंतर घरात कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवते, याचे आम्हांस कौतुकच आहे. तथापि हे लेखन जितके सोपे दिसते तितके ते सोपे नाही, आणि त्यात चूक झाली तर ती केवळ शैलीची चूक राहत नाही, असे आमचे मत होत चालले आहे. त्या मताची ही मांडणी.

आमच्या मताला निमित्त झाले ते आमच्याच एका प्रवचनाचे. हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत परिसरात, हळदीचे पीक मोठे आहे. हळद सुमारे नऊ महिने जमिनीत असते. काढणीनंतर ती शिजवावी लागते, मग कित्येक दिवस उन्हात वाळवावी लागते, आणि त्यानंतर फिरत्या पिंपात घासली गेली म्हणजे तिला झळाळी येते. अकाली वैधव्य आलेल्या एका भगिनीच्या घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो असता अंगणात हळद वाळत पडली होती. दृष्टान्त समोरच होता. दुःखाच्या कढईत शिजल्यावाचून जीवनास रंग चढत नाही, असे काहीसे आम्ही बोलून गेलो. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “फादर, हळद शिजली तर बाजारात जाती. माणूस शिजला तर त्यानं कुठं जावं?”

आम्ही निरुत्तर झालो. दृष्टान्त चुकीचा नव्हता. सेमिनरीत तो आम्ही मांडला असता तर आमची पाठही थोपटली गेली असती. चूक अशी होती की हळद त्या बाईंची होती, दुःख त्या बाईंचे होते आणि बोध मात्र आमचा होता. ज्याचा अनुभव त्याला बोलू न देता आम्ही त्याचा अर्थ परस्पर लावून टाकला होता.

ज्या मातीत हा प्रसंग घडला त्याच मातीत या प्रश्नाचे उत्तर शोधावे असे आम्हांस वाटले. हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून त्यास ‘नर्सी नामदेव’ असेच म्हणतात. काही अभ्यासक जन्मस्थानाचा मान पंढरपुरास देतात. त्या वादात आम्ही पडत नाही. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे, आणि नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू तेथे भेटले अशी परंपरा आहे. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 चा आणि समाधी 1350 ची. घराणे शिंप्याचे. पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांची स्मृती आजही जपली जाते, आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत.

त्या पदांपैकी रामकली रागातील एक पद आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालते. त्यात लागोपाठ काही चित्रे येतात. कागद कापून केलेली पतंग आकाशात उडते आहे. उडवणारा चारचौघांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर आहे. सोनार आपल्या कारागिरीत गढलेला आहे. तरुणी पाणी भरून निघाल्या आहेत. त्या हसतात, थट्टा करतात, पण चित्त डोईवरच्या घागरीत आहे. गाय पाच कोसांवर चरते आहे आणि तिचे चित्त वासरात आहे. शेवटी आई. बाळ पाळण्यात निजले आहे, ती घरात-बाहेर कामात बुडालेली आहे, आणि तिचे चित्त बाळाकडे आहे.

या पदाची थोरवी कशात आहे? पहिली गोष्ट, कवीने आधी नीट पाहिले आहे. पतंग उडवणारा मुलगा गप्पा मारीत असतो, पाण्याला जाणाऱ्या मुली हसत असतात, हे बारकावे बोधासाठी रचलेले नाहीत, ते तसे असतातच. घाईचा लेखक असता तर त्याने मुलींना गंभीर केले असते, कारण भक्ती गंभीर असावी अशी त्याची समजूत! नामदेवांनी त्यांचे हसू तसेच ठेवले, आणि त्यामुळेच अर्थ उजळला. काम सोडून, हसणे सोडून देवाकडे वळा, असे हे पद म्हणत नाही. हात आणि ओठ आपापल्या व्यवहारात असतानाच चित्ताला एक दोरी असू शकते, एवढेच ते दाखवते. दुसरी गोष्ट, चित्रांचा क्रम. खेळापासून आरंभ होतो, मग धंदा, मग पाणवठा, मग मुके जनावर, आणि शेवट आईपाशी होतो. दोरी तुटली तर पतंग जाते, घागर फुटली तर पाणी जाते. पण बाळाच्या बाबतीत काय जाईल, हे कवी बोलत नाही, आणि बोलण्याची गरजही राहत नाही. बोध शेवटी चिकटवलेला नाही, तो चढत्या चित्रांतच मुरलेला आहे.

नामदेवांच्या पदात कामाचा आनंद आहे. कामाचा शीण पाहायचा असेल तर त्यांच्याच घरातील दासीकडे वळावे लागते. जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या, म्हणजे शेजारच्या परभणी जिल्ह्यातील. त्यांच्या नावावरील सर्वच अभंग त्यांचेच आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु त्या अभंगांचा सूर एक आहे. त्यांत दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, पाणी भरणे आहे, शेणी वेचणे आहे. आणि या सर्व कामांत विठ्ठल येतो. जनी झाडते तेव्हा तो केर भरतो, जनी दळते तेव्हा तो जाते ओढू लागतो.

येथे आमच्या आजच्या लेखकांपैकी कुणी असते तर जात्यावरून बोध निघाला असता, की दाणा भरडल्यावाचून पीठ होत नाही, तद्वत् मनुष्याचे जीवन. (आमची हळद याच जातीची!) जनाबाई तसे करीत नाहीत. जात्याने त्यांना काही शिकवावे अशी त्यांची अपेक्षाच नाही. पहाटेच्या अंधारात एकटीने जाते ओढणे किती जड, हे ज्या घरी जाते होते तेथील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. समोर दुसरी बसली आणि खुंट्याला तिचा हात लागला की तेच जाते हलके होते. जनाबाईंना हवा होता तो दुसरा हात, आणि देव तोच होऊन आला.

म्हणून आम्ही असे म्हणू इच्छितो की रोजच्या अनुभवांतून दोन गोष्टी मिळू शकतात, एक बोध आणि दुसरी सोबत. बोध सुखी माणसाला पुरतो. दुःखी माणसाला आधी सोबत लागते, बोध त्याचा तो नंतर शोधतो किंवा शोधीत नाही. महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या स्त्रियांनी जात्यावर गाइलेल्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जमवला, त्याची संख्या एक लाखाच्या घरात जाते. या बायकांनी ओवीत भावाला बोलावले, आईला आठवले, देवाला गाऱ्हाणे घातले. दळताना त्यांना कुणाशी तरी बोलावयाचे होते.

परकीय परंपरेचा एवढा आधार धर्मगुरूने का घ्यावा, असे कुणी विचारील. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये दिलेली शिकवण आम्हांस पुरेशी आहे. जनाबाईंचा विठ्ठल त्यांचाच आहे. त्याला ख्रिस्ती नाव देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यांच्यापाशी बसून आम्ही आमचे शुभवर्तमान पुन्हा उघडले, तेव्हा ते अधिक समजले, हे प्रांजळपणे सांगावयास हवे.

प्रभू येशूचे दाखले घ्या. पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी स्त्री, चुकलेले मेंढरू. सारे घरातले आणि शिवारातले. पण समुदायाला तो बहुधा दाखला सांगून थांबतो, अर्थ उलगडतो तो शिष्यांना एकान्तात. उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा शेवट पाहा. थोरला भाऊ रुसून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत काढतो आहे, आणि दाखला संपतो. तो आत गेला की नाही? प्रभू सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवावयाचे आहे. आम्ही मात्र प्रवचनात थोरल्या भावाला कैकदा हाताला धरून आत नेऊन बसवले आहे!

लिझ्यूच्या संत तेरेझाचेही हेच. 1897 मध्ये, अवघ्या 24 व्या वर्षी निवर्तलेल्या या व्रतस्थ भगिनीला पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1997 मध्ये ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविले. तिचा ‘छोटा मार्ग’ आपण फार गोड करून सांगतो. तिच्या आत्मकथनात प्रार्थनेच्या वेळी बारीकसा आवाज करीत राहणारी एक भगिनी येते, आणि धुण्याच्या जागी तोंडावर घाण पाणी उडवणारी दुसरी. तेरेझाने तो आवाज संगीत समजून देवाला वाहिला, एवढेच आपण सांगतो. तो सोसताना तिला घाम फुटला होता, हे तिने लिहिले आहे आणि आपण गाळतो. घाम गाळला की सांत्वनही खोटे होते.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यात या कसोटीस पूर्ण उतरणारा ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 ते 1937 या काळात भागाभागांनी निघालेल्या या पुस्तकात टिळकांचा तापट स्वभाव आहे, घरातील ओढगस्त आहे, स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची फजिती आहे. लक्ष्मीबाई स्वतःला हसतात आणि पुढे जातात. तात्पर्य सांगण्यास त्या थांबत नाहीत. म्हणून वाचकाला त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखे वाटते.

आमच्या लेखक बंधुभगिनींना नम्र विनंती एवढीच, की लेख पूर्ण झाला म्हणजे त्याचे शेवटचे वाक्य झाकून तो पुन्हा वाचावा. प्रसंग त्या वाक्यावाचून उभा राहत असेल तर ते वाक्य नको आहे. उभा राहत नसेल तर ते वाक्यही त्यास तारणार नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखातून आपण बोध काढीत असू, तर तो त्याच्या समोर बसून त्याच्या तोंडावर म्हणता येईल काय, हे स्वतःस विचारावे.

त्या भगिनीकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दृष्टान्त घरी ठेवून गेलो होतो. हळद विकली गेली होती, अंगण मोकळे होते. दिवस कसे जातात, असे आम्ही विचारले. शेजारची एक मुलगी रोज पहाटे हाक मारते आणि दोघी मिळून पाणी भरतात, असे त्या म्हणाल्या. पहिले काही दिवस ती काही बोलतच नसे, नुसती घागर उचलू लागे. “तेवढ्यानं उठाया जमलं, फादर.”

आम्ही चहा घेतला आणि जपमाळेचा एक दशक त्यांच्यासोबत म्हटला.