अन्यायाचा भूगोल आणि महाडचे तळे

मानवी हक्कांचा भंग राज्यसत्ता करते, असे कायद्याची पाठ्यपुस्तके शिकवितात. पोलीस, तुरुंग आणि फौज यांच्यापासून माणसाला वाचविण्यासाठी हक्क जन्माला आले. कंपनी ही खाजगी व्यक्ती, ती या कक्षेत येत नाही, असा सोयीचा निष्कर्ष मग आपोआप निघतो. या निष्कर्षाला ज्यांनी सतत धक्के दिले त्या भारतीय कायदेपंडितांत उपेन्द्र बक्षी यांचे स्थान फार वरचे आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिणाऱ्या चार प्राध्यापकांपैकी ते एक, एवढी ओळख आपल्या वाचकांना पुरावी.

बक्षींच्या या विषयावरील संशोधनाच्या केंद्रस्थानी भोपाळ आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला, त्या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइडकडे होते. तरीही मूळ कंपनी म्हणत राहिली की भारतीय कंपनी वेगळी आणि आम्ही वेगळे. भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात बहुराष्ट्रीय उद्योग हा एकच देह असल्याचा सिद्धान्त मांडला. बक्षींनी तो आपल्या लेखनात उचलून धरला आणि वाढविला. पुढे घडले ते एखाद्या वगनाट्यात शोभावे असे. आपली न्यायालये एवढा खटला पेलू शकत नाहीत असे भारत सरकार सांगत होते, आणि भारतीय न्यायव्यवस्थेची थोरवी कार्बाइड गात होती! त्या थोरवीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देणारे होते नानी पालखीवाला. मे १९८६ मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी खटला भारतात पाठविला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि त्याबरोबर फौजदारी खटलेही गुंडाळले गेले. १९९१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पण २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. वाढीव भरपाईची शेवटची याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली.

नफा एका देशात, मरण दुसऱ्या देशात आणि न्यायासाठी पायपीट दोन्हीकडे, या व्यवस्थेला बक्षी ‘अन्यायाचा भूगोल’ म्हणतात. हा शब्दप्रयोग फार मोलाचा आहे. ‘द फ्यूचर ऑफ ह्यूमन राइट्स’ (२००२) या ग्रंथात त्यांनी दाखविले, की १९४८ च्या जाहीरनाम्यातील माणसाला बाजूला सारून व्यापाराला अनुकूल असे हक्कांचे नवे प्रतिमान उभे केले जात आहे. तेथे माणसाआधी भांडवलाला संरक्षण मिळते. २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांचे म्हणणे एका परीने खरेच केले. त्या तत्त्वांत राज्यांना ‘कर्तव्य’ आहे, कंपन्यांना केवळ ‘जबाबदारी’. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने या जबाबदारीचा भावही ठरविला: सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के. हक्क मागणाऱ्याच्या हातावर दान ठेवण्याची युक्ती आपल्या समाजाला नवी नाही.

माझा मतभेद येथून सुरू होतो. खाजगी सत्ता मानवी हक्कांना बांधील असते काय, हा प्रश्न या सर्व चर्चेत बहुराष्ट्रीय कंपन्यांबरोबर आल्यासारखा वावरतो. अस्पृश्यतेला बंदी घालणाऱ्या संविधानाचे वेगळेपण बक्षींना ठाऊक नाही असे नव्हे. पण कंपन्यांविषयीच्या विवेचनात ते वेगळेपण पायाचा दगड होत नाही, शोभेचा होतो. आणि आमचा तर सारा इतिहासच त्या पायावर उभा आहे.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून तळे सर्वांना खुले केले होते. म्हणजे शासनसंस्था कागदोपत्री आमच्या बाजूने होती. मार्च १९२७ मध्ये पाणी प्यायलेल्यांची डोकी फोडणारे सरकारी शिपाई नव्हते, गावातले खाजगी लोक होते. पुढे डिसेंबरात ते दिवाणी न्यायालयात गेले आणि तळे हे सार्वजनिक नाही, खाजगी मालमत्तेसारखे आहे, असा दावा त्यांनी लावला. बाबासाहेब त्यात प्रतिवादी होते. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळायला मार्च १९३७ उजाडले. मालमत्तेच्या नावाने माणूसपण नाकारणाऱ्या खाजगी सत्तेविरुद्ध दहा वर्षे चाललेला हा खटला होता. न्यूयॉर्कमधला युक्तिवाद त्याच्याशेजारी ठेवून वाचावा.

हाच अनुभव संविधानात उतरला. दुकान, विहीर, तलाव यांविषयीचे कलम १५(२), अस्पृश्यतेचे १७ आणि वेठबिगारीचे २३ ही कलमे सरकारबरोबर शेजाऱ्याला आणि मालकालाही बांधतात. राज्याने हात आखडता घेतला की उरते ते मालकाचे स्वातंत्र्य, असे बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये आधीच बजावले होते. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा धागा नेमका पकडला. मजूर ठेकेदाराचे, आम्ही मोकळे, ही सबब मानली नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे वेठबिगार ठरविली. पण १९८६ च्या ओलियम वायूच्या निकालात, दायित्वाचा कडक नियम घालून देताना, खाजगी कंपनीला ‘राज्यसंस्था’ मानावे काय हा प्रश्न त्याच न्यायालयाने अनिर्णित ठेवला. दोन वर्षांनी भोपाळची तडजोड झाली, तेव्हा तो धागा कोणाच्याच हाती नव्हता.

गटारात उतरून मेलेल्या कामगाराची भरपाई २०१४ च्या निकालाने दहा लाख आणि २०२३ च्या निकालाने तीस लाख झाली. ती मागायला गेले की आजही तेच ऐकू येते: तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यामधला पडदा येथे मालक आणि ठेकेदार यांच्यामध्ये लोंबतो. पडद्यापलीकडे कोण उतरणार हे मात्र जातीने आधीच ठरविलेले असते. गावकुसाबाहेरच्या या जुन्या भूगोलाचा नकाशा बक्षींच्या नकाशाखाली ठेवला, तर त्यांचाच सिद्धान्त अधिक बळकट होईल.

एक तक्रार भाषेची. सोसणाऱ्यांच्या बाजूने विचार मांडणाऱ्या या लेखकाचे इंग्रजी इतके अवघड, स्वतः घडविलेल्या शब्दांनी इतके भरलेले आहे, की आमच्या पदव्युत्तर वर्गातली हुशार मुलेही तिसऱ्या पानावर थांबतात. भोपाळच्या कागदपत्रांचे त्यांनी संपादित केलेले दोन संग्रह (१९८६ व १९९०, दुसरा अमिता धांडा यांच्यासह) त्यामानाने सुगम आहेत. निवडक उतारे मराठीत आणायचे तर तेथून आरंभ करावा, आणि त्याच पुस्तकात महाडचा १९३७ चा निकाल व १९८२ चा एशियाडचा निकाल छापावा.