झीलकऱ्यांची जबाबदारी

दिवंगत शाहिराची गाणी चार मित्रांनी एकत्र येऊन गावीत, बुद्धविहाराच्या ओट्यावर ढोलकी, पेटी आणि डिमडीच्या साथीने वस्तीने ती ऐकावीत, ही आपल्या चळवळीची जुनीच रीत आहे. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतून होणाऱ्या अशा कार्यक्रमांना तिकीट नसते. वर्तमानपत्रेही त्यांची दखल क्वचितच घेतात. म्हणूनच त्यांची समीक्षा आपण केली पाहिजे. पोरांनी गायिले हेच पुष्कळ, असे म्हणून नुसती पाठ थोपटणे हा या कलेला कमी लेखण्याचाच प्रकार होय.

दुसऱ्याचे गाणे गाण्यात कमीपणा नाही. घराण्याची बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गायिली की ती परंपरा, आणि आमच्या पोरांनी वामनदादांचे गीत गायिले की ती नक्कल, हा प्रस्थापितांचा दुटप्पीपणा आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गीते गावोगाव पोचली ती शेकडो गळ्यांनी आपली मानली म्हणून. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफण्याची त्यांची पद्धत येथे ध्यानात घेतली पाहिजे. गाणारा कोणीही असो, कर्त्याची नोंद गाण्यातच झालेली असते. वेळ अपुरा म्हणून दोन कडवी गाऊन थांबले की नेमकी तीच गळते. ज्या समाजाचे नाव सातबाऱ्यावर सहसा लागले नाही, त्याच्या कवीची ही नोंद आपणच खोडावी काय?

दुसरी काटछाट अधिक गंभीर आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. गावी राहिलेल्या कारभारणीची आठवण आणि मुंबईतल्या कामगाराची परवड येथून निघून ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी, तुटलेल्या मुलखाच्या दुःखाशी जाऊन भिडते. केवळ विरहाचा भाग आळवला की टाळ्या पडतात, पण अण्णा भाऊ तेथे उरत नाहीत. उरते ती एक गोड लावणी.

मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिव्हारी लागणारा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. १५ जुलैला घोगरे यांनी गळफास घेतला. डोक्याला त्यांनी निळे कापड बांधले होते. हा शाहीर 'आव्हान नाट्यमंचा'तून कामगारांची, झोपडीवासीयांची गाणी गात आलेला. त्या डाव्या वर्तुळाने पुढे त्याला दूर केले होते. आता त्यांच्या स्मरणार्थ गाताना कोणी केवळ निळे घोगरे उचलतो, कोणी केवळ लाल. भाकरीचे गाणे बाबासाहेबांच्या गाण्याशेजारी बसवताना आयोजक बिचकतात. या माणसाने तर दोन्ही एकाच गळ्यात वागवली आणि त्यांच्यातला ताण स्वतःच्या देहावर सोसला. त्याच्या मृत्यूला हुतात्म्याचा हार घालून तो ताण झाकता येणार नाही. आत्महत्येचे गौरवीकरण तर मुळीच नको.

पोवाड्यात झीलकरी केवळ सूर धरीत नाही. शाहिराच्या विधानाला तो 'जी जी' म्हणून दुजोरा देतो. एका अर्थी तो साक्षीदारच असतो. मित्रांच्या गायनाकडे मी त्या दृष्टीने पाहतो. आवाज बसका असला, पेटी दोन सूर खाली लागली, तरी माझी तक्रार नाही. कीबोर्डही चालेल. मात्र कोणते कडवे गाळले आणि का, हे त्यांना विचारलेच पाहिजे.

आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या चित्रपटांत घोगरे यांचा आवाज आहे. नवी मुले चाल तेथून उचलतात, ते ठीकच. पण चित्रपटाला लागतो तेवढाच तुकडा त्यात येतो. संपूर्ण गाणी त्यांच्याबरोबर झील धरणाऱ्यांकडे, कुठल्यातरी वहीत, आठवणीत असतील. ते सहकारी आता उतारवयाकडे झुकले आहेत. तालमीपूर्वी एक रविवार त्यांच्याकडे जाऊन सगळी कडवी उतरवून घ्यावीत, आणि खालच्या ओळीत कर्त्याचे नाव लिहावे.