‘तो’, ‘ते’ आणि भाषांतराची कसोटी

सर्वनाम ज्या नामाबद्दल येते त्या नामाशी त्याचा लिंगवचनाचा मेळ असावा, हा इंग्रजी व्याकरणाचा पाठ मराठी विद्यार्थ्याला शाळेतच मिळतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणावर इंग्रजी मांडणीची छाया होती. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये आपल्या पूर्वसूरींच्या मतांची कसून चिकित्सा केली. तरीही हा मेळ साधल्याने अर्थनिश्चिती होतेच, ही समजूत टिकून राहिली. तिची खरी कसोटी लागते ती भाषांतरात.

बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. अशा ठिकाणच्या वाचकापर्यंत विवेकानंदांचा विचार पोहोचतो तो मुख्यतः मराठी भाषांतरातून. कारण १८९३ च्या शिकागो येथील भाषणापासून त्यांची बहुतेक गाजलेली व्याख्याने इंग्रजीत झाली. त्या विचारात ईश्वर, गुरू, शिष्य आणि ब्रह्म यांचा उल्लेख वारंवार येतो आणि नेमका तेथेच सर्वनामांचा प्रश्न उभा राहतो.

इंग्रजीत ईश्वर आणि गुरू या दोघांसाठी ‘ही’ हेच सर्वनाम येते. ईश्वराचे वेगळेपण पुष्कळदा मोठ्या आद्याक्षराने दाखवले जाते. देवनागरीत ती सोय नाही. पण मराठी हा भेद वचनाने करते. देव ‘तो’, गुरू ‘ते’. ज्याच्याशी सलगी तो एकवचनी, ज्याच्याविषयी आदर ते अनेकवचनी. येथे सर्वनामाचा मेळ नामाच्या संख्येशी नसून बोलणाऱ्याच्या भावाशी आहे. मराठी भक्तिपरंपरेचा हा संस्कार भाषांतरकाराला आयताच लाभतो.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. आदरार्थी ‘ते’, पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते’ आणि नपुंसकलिंगी एकवचनी ‘ते’ ही रूपे एकच आहेत. ‘गुरूंनी शिष्यांना ब्रह्माविषयी सांगितले, ते शांत होते’ या वाक्यात शांत कोण? गुरू, शिष्य की ब्रह्म? इंग्रजीत यांची तीन निरनिराळी वाक्ये होतील. मराठीत मात्र तिन्ही अर्थांनी मेळ निर्दोष आहे आणि तरीही अर्थ अनिश्चित आहे. वर्तमानकाळात ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांमुळे ब्रह्म निराळे पडते. भूतकाळात क्रियापदही साक्ष देत नाही. ‘त्याला’ आणि ‘त्यांना’ या विभक्तिरूपांनीही ब्रह्मच तेवढे वेगळे होते. गुरू आणि शिष्य यांचा गुंता कायम राहतो.

ही केवळ शैलीची अडचण नव्हे. गुरू आणि ब्रह्म यांचे अद्वैत हा त्या विचारातील सिद्धान्त असू शकतो. पण तो मूळ लेखकाने मांडलेला असावा, सर्वनामाच्या रूपसाम्यातून आपोआप निष्पन्न झालेला नसावा. श्रद्धेने वाचणारा वाचक अशी संदिग्धता गूढार्थ म्हणून स्वीकारण्याचा संभव अधिक, म्हणून भाषांतरकाराची जबाबदारीही अधिक.

नामाची पुनरुक्ती हा शैलीदोष मानण्याची सवय येथे सोडावी लागते. ‘गुरू शांत होते’ असे पुन्हा नाम घेऊन लिहिणे हे मराठीत दारिद्र्याचे नव्हे, विवेकाचे लक्षण आहे. सर्वनामाचा मेळ व्याकरण सांभाळते. त्याचा निर्देश सांभाळण्याचे काम लेखकाचेच राहते.